साडूभाऊंचा पिवळा खिसा

लाज ही वस्तू देवाने रेशनसारखी माणशी ठरवून दिली असावी, आणि माझ्या साडूंनी आपल्या वाट्याची कधी उचललीच नसावी. ती दुकानात तशीच पडून राहू नये म्हणून कुणीतरी माझ्या कार्डावर चढवली. लग्न झाल्यापासून मी दोन माणसांची लाज एकट्याने वाहत आलो. ते चारचौघांत काहीतरी करायचे आणि कान माझे तापायचे. ते निवांत असायचे आणि मान माझी खाली. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. साडू हे नातंच मुळी चमत्कारिक. रक्ताचं नाही, गोत्राचं नाही, आपण निवडलेलं तर नाहीच नाही. दोन परक्या माणसांनी एकाच सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी शेजारी बसायचं आणि एकाच सासूच्या हातच्या वरण-बट्टीचं कौतुक करायचं, एवढाच त्याचा पाया. त्या पायावर आमचं बरंच मोठं घर उभं राहिलं. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो, अजूनही म्हणतो.

ते धुळ्याला देवपुरात राहायचे आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, चालताना किंचित पुढे झुकलेले. शर्ट नेहमी पांढरा, आणि त्या पांढऱ्या शर्टाचा डावा खिसा नेहमी पिवळा. त्या खिशात तपकिरीची जुनी डबी असे आणि डबीत हळद. कुठेही गेले आणि कुणी पाणी पुढे केलं, की ते पिण्याआधी साडूभाऊ तळहातावर चिमूटभर हळद घेत, तिच्यावर पेल्यातल्या पाण्याचे थेंब टाकत आणि बोटाने घोळवून तळहात उजेडाकडे धरत. हळद पिवळीधमक राहिली तर पाणी गोडं. तिच्यावर तांबूस छटा आली तर पाण्यात क्षार. मग उरलेलं पाणी तोंडात घेऊन ते या गालातून त्या गालात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि घरधन्याला त्याच्याच पाण्याची कुंडली ऐकवायचे. “तुमच्याकडे डाळ लवकर शिजत नसणार.” आतून घरातली बाई म्हणायची, “हो ना, बाई!” की यांना चेव यायचा. “साबणाला फेस येत नसणार. वहिनींचे केस गळत असणार.” वहिनींचे केस कसे आहेत हे माणसाने परक्या घरात, ओळख होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर बोलू नये, हे त्यांना सांगणार कोण? मी आपला शेजारून त्यांच्या कोपराला ढोसायचो आणि दातांतल्या दातांत म्हणायचो, “साडूभाऊ, लोक बघताहेत.” यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “बघू द्या की! पाणी काय झाकून प्यायची वस्तू आहे?”

बरं, हे सगळं अचूक निघत असतं तर निदान अभिमान तरी वाटला असता. पण ते निम्म्या वेळा साफ चुकायचे. माझ्या धाकट्या बहिणीसाठी भुसावळला एक स्थळ पाहायला गेलो होतो. मुलगा रेल्वेत, घर रेल्वेच्या वसाहतीत. साडूभाऊंना मी नेलं नव्हतं. ते आदल्या दिवशी आमच्याकडे टपकले होते आणि “चला, मीही येतो, भुसावळचं पाणी बऱ्याच दिवसांत तोंडात घेतलं नाही,” असं म्हणून गाडीत चढले होते. मुलाच्या आईने क्रोशाचा रुमाल घातलेल्या ट्रेमधून पाणी आणलं आणि साडूभाऊंनी डबी बाहेर काढली. मुलाच्या वडिलांना वाटलं तंबाखू. ते मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, “घ्या घ्या, आमच्याकडे चालतं, संकोच करू नका.” साडूभाऊंनी संकोच कधी केला होता! त्यांनी हळद घोळवली, पाणी या गालातून त्या गालात नेलं, छताकडे पाहिलं आणि निकाल दिला, “तापीचं.” मुलाचे वडील म्हणाले, “नाही हो, हे शेजारच्या बोअरचं आहे.” दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. साडूभाऊ म्हणाले, “मग ती बोअर खाली कुठेतरी तापीला भेटलेली असणार.” लग्न जमलं, पण पुढे कितीतरी वर्षं बहिणीचे सासरे मला पाहिलं की आधी तापीची खुशाली विचारायचे.

सुट्टीत ते एस.टी.ने जळगावला यायचे तेव्हा सोबत पिशवीभर बाटल्या असायच्या. प्रत्येक बाटलीत एकेका गावचं पाणी. वाटेत बस जिथे थांबेल तिथे खाली उतरून ते बाटली भरायचे, आणि कंडक्टरने घंटी मारली तरी नळाखालून हलायचे नाहीत. या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये ठेवायचा त्यांना हक्क होता, असं त्यांनीच ठरवलं होतं. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना बायकोने घाईत कुठल्याशा पाझर तलावाचं पाणी पेल्यात घालून दिलं. पाहुणे ते पिऊन, आशीर्वाद देऊन गेले. आम्हा दोघांचा जीव टांगणीला लागला. साडूभाऊंना हे कळलं तेव्हा ते एकदम पुढे सरसावून बसले आणि म्हणाले, “सगळं प्यायले? मग चव कशी होती ते विचारलंत का?” आणि गंमत अशी, की पाण्यावर एवढा जीव असलेला हा माणूस पाण्याला विलक्षण भ्यायचा. गावच्या पांझरा नदीत पाय धुवायचे तर घोट्याच्या वर पाणी आलं की परत फिरायचा. पोहणं तर दूरच. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात साडूभाऊ जन्मात उतरले नव्हते.

अशा माणसाला मी आमच्या क्लबाचा तरणतलाव सुपूर्द केला.

मी तेव्हा जळगावला एका सरकारी खात्यात होतो. आमच्या वसाहतीत अधिकाऱ्यांचा क्लब होता. पुढे बॅडमिंटन, आत पत्ते आणि मागे पोहण्याचा तलाव. हा तलाव बरीच वर्षं कोरडा पडलेला. तळाला भेगा, भेगांत गवत. त्या उन्हाळ्यात नव्या अध्यक्षसाहेबांनी तो डागडुजी करून भरायचं ठरवलं आणि मला पोहता येत नाही हे ठाऊक असूनही जलतरण समितीचा चिटणीस केलं, कारण मी सगळ्यांत ज्युनिअर होतो. तलाव क्लबाच्या बोअरने भरायचा होता, आणि एकदा भरला की भरला. बिघडला तर ओतून देऊन पुन्हा भरण्याइतकं पाणी त्या बोअरला नव्हतं. आणि गावात बायका नळावर हंडे घेऊन ताटकळत असताना तसं करण्याइतका कोडगेपणा आमच्या क्लबातसुद्धा नव्हता. तेव्हा नव्या पाण्यात औषधं बेताने घालून त्याचा तोल साधणारा कुणीतरी जाणता हवा होता. पूर्वी ते काम बघणारे गृहस्थ बदलून गेले होते. माझी बायको म्हणाली, “त्यात काय एवढं? आपले भाऊजी आहेत की!” मी नको म्हणायला तोंड उघडलं. पण तिने ते अध्यक्षांच्या बाईसाहेबांनाही सांगून टाकलं होतं.

मी धुळ्याला गेलो. साडूभाऊ ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. साडूभाऊ म्हणाले, “क्लबाने मला बोलावलंय?” मी हो म्हटलं. “म्हणजे बोलावून?” मी पुन्हा हो म्हटलं. “अहो, आजवर मी लोकांच्या पेल्यांत न बोलावता डोकावलो,” ते म्हणाले, “मला काय कळत नाही, लोक हसतात ते? पण मला वाटायचं, एक दिवस कुणीतरी म्हणेल, या, आमचं पाणी बघा.” त्यांना लोकांचं हसणं कळत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेला सुट्टी लागणार होती. माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी त्यांच्यासाठी गडद निळा सफारी शिवून घेतला आणि निघताना खिशातली डबी काढून घेतली. “ही घरी राहील. तिथं साहेब लोक असतील. माझ्या बहिणीला त्या वसाहतीत तोंड दाखवायचंय.” साडूभाऊ अजिजीने म्हणाले, “अगं, पण पाणी बघायचं तर हळद...” अध्यक्षसाहेबांनी पाण्याच्या तपासणीची पेटी मुंबईहून मागवली आहे, असं मी सांगितलं. “असं? मग प्रश्नच मिटला,” ते म्हणाले. तरी एस.टी.त बसल्यावर त्यांचा हात एकसारखा त्या नव्याकोऱ्या, स्वच्छ निळ्या खिशाकडे जात होता.

तलाव भरत असताना ते दिवसभर काठावर उकिडवे बसून राहायचे. जळगावचं ऊन काय असतं ते सांगायला नको. माळीसुद्धा झाडाखालून हलत नव्हता. साडूभाऊ डोक्याला ओला पंचा बांधून ओंजळीने पाणी चाखत होते आणि आल्यागेल्याला सांगत होते, “नवं पाणी नव्या सुनेसारखं असतं बघा. आल्या आल्या कामाला जुंपायचं नाही. दोन दिवस घरात वावरू द्यायचं, म्हणजे कुठे कडक आहे, कुठे नरम आहे ते आपोआप कळतं.” पण तेवढी सवड नव्हती. अध्यक्षसाहेबांनी उद्घाटनाला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता. आमच्या खान्देशात ही आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. माहेरी जायचं, झोके बांधायचे, घागर भरून पुजायची. त्या दिवशी घागरीऐवजी अख्खा तलावच पुजावा, अशी बाईसाहेबांची कल्पना होती. आणि थोरले जावई तलावाचं पाणी तयार करताहेत म्हटल्यावर लेकींना माहेरी न बोलावता माहेरच आमच्याकडे आलं. धुळ्याजवळच्या खेड्यातून सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि सासूबाई सांजोऱ्यांचा डबा घेऊन हजर झाले.

झालं ते असं. तलाव वर्षानुवर्षं पडून होता म्हणून साडूभाऊंनी ब्लीचिंग पावडर जरा सढळ हातानेच घातली. काठावर उभं राहिलं तरी डोळे चुरचुरायचे. “चुरचुरू द्या,” ते म्हणाले, “औषध काम करतंय.” मग मुंबईची पेटी उघडली. तिच्यात काचेच्या नळ्या आणि तांबड्या थेंबांची बाटली. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. लाल रंग आला तर पाण्यात क्षार जास्त, पिवळा आला तर पाणी आंबट, मधला केशरी-गुलाबी आला की तोल साधला. अध्यक्षसाहेब, दोन-तीन मोठे अधिकारी, सगळे भोवती जमले. साडूभाऊंनी थेंब टाकले. पाणी फिकट, जेमतेम पिवळसर झालं. “आंबट?” त्यांनी नळी उन्हात धरली, मग वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “जीभ वेगळं सांगतेय,” ते हळूच म्हणाले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. अध्यक्षसाहेब म्हणाले, “मास्तर, जीभ धुळ्याची आहे, पेटी मुंबईची आहे.” सगळे हसले. एरवी साडूभाऊंनी याला सडेतोड उत्तर दिलं असतं. पण बोलावून आणलेल्या माणसाला थोडं अदबीने वागावं लागतं. “असेल बुवा,” ते म्हणाले, आणि आंबटपणा मोडायला त्यांनी धुण्याचा सोडा मागवला. सोडा घातला, पुन्हा नळी भरली. रंग फिकट पिवळाच. आणखी सोडा. पुन्हा तेच. आखाजीपर्यंतच्या दोन दिवसांत त्यांनी किती सोडा ओतला देव जाणे. नितळ भरलेलं पाणी हळूहळू पांढुरकं होत गेलं, तळाच्या फरशा दिसेनाशा झाल्या. “बसेल, खाली बसेल,” असं ते सगळ्यांना सांगत होते, पण त्यांचं जेवण कमी झालं होतं. माझ्या बायकोने वाढलेली शेवभाजी त्यांनी ताटात तशीच ठेवली तेव्हा तीही घाबरली.

आखाजीच्या सकाळी अख्खी वसाहत तलावाभोवती नटूनथटून उभी होती. मुलं चड्ड्या घालून तयारच. पाणी ताकासारखं. अध्यक्षसाहेबांचं तोंड उतरलेलं, पण बाईसाहेबांनी पूजेचं तबक घेतलं आणि पायरीवर बसून पाण्याला हळद वाहिली. चिमूटभर नाही, चांगली मूठभर. ती पिवळी हळद पायरीवरच्या पाण्यात भिजली आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल होत गेली. गर्द, रक्तासारखी लाल. पायरीवरून तिचे ओघळ पांढऱ्या पाण्यात उतरायला लागले. कुणीतरी म्हणालं, “कुंकू असेल.” बाईसाहेब कापऱ्या आवाजात म्हणाल्या, “मी अजून कुंकू वाहिलंच नाही.” त्याबरोबर बायका मागे सरल्या. माझ्या सासूबाई गर्दीतून पुढे आल्या, त्यांनी पायरीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “माय वं! पिवयी हयद लाल कशी व्हई गयी? पानीले नजर लागनी वं!” मग काय, अपशकुनाची कुजबुज सुरू झाली, आयांनी आपापली पोरं दंड धरून मागे ओढली.

साडूभाऊ पुढे झाले. वाकून त्यांनी ती लाल हळद बोटावर घेतली, तळहातावर घोळवली आणि उजेडाकडे धरली. अगदी नेहमीसारखी. त्यांना चुकताना मी कितीदा तरी पाहिलं होतं. चुकल्याचं त्यांना कळताना मी पहिल्यांदा पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, “काय मास्तर, हे पाणी आहे की ताक? आता काय, ओतून द्यायचं सगळं?” मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता ते बोअर तापीला भेटवतील, पेटीला नावं ठेवतील, काहीतरी अचाट बोलतील आणि नेहमीप्रमाणे मला तोंड लपवावं लागेल. पण त्यांनी अध्यक्षसाहेबांना हात जोडले. “माझं चुकलं,” ते म्हणाले. बायकांकडे वळून हात जोडले. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुम्हाला खाली बघायला लावलं मी.” आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कधी न गेलेला तो माणूस नव्या सफारीनिशी पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि ती लाल हळद ओंजळीने गोळा करायला लागला. पाणी ओंजळीत कुठे राहतं! ते भरत होते, बोटांतून सांडत होतं, पुन्हा भरत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी आबा धोतर सावरत पायरीपर्यंत गेले आणि हात पुढे करून म्हणाले, “जवाईबापू, भायेर या आते. पानी शे ते, बशी जाई.”

लोक पांगल्यावर आम्ही दोघं काठावर बसलो. उन्हात त्यांची पॅन्ट वाळली तशी सोड्याने कमरेपर्यंत पांढरी पडली. “पाणी आंबट नव्हतंच,” ते म्हणाले. “ब्लीचिंग माझ्याकडून जास्त पडलं. त्या पाण्यात रंगाचे थेंब टाकले की थेंबांचाच रंग उडतो. उडालेल्या रंगाला मी पिवळा समजलो आणि सोडा घालत गेलो. हळदीने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.” मग म्हणाले, “मला डबी मागायची लाज वाटली हो. माळ्याकडे मागितली असती चिमूटभर, तरी मिळाली असती.” ज्या माणसाला कधी कशाची लाज वाटावी म्हणून मी देवाला नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता, त्याला लाज वाटलेली मला पाहवेना. त्याच दुपारी ते धुळ्याच्या बसला बसले. खिडकीतून मला सांगितलं, तुरटी घाला, पाणी हलवू नका, ऊन खाऊ द्या, आणि डोळे चुरचुरायचे थांबेपर्यंत पेटी उघडू नका. बस हलली तरी त्यांनी स्टँडवरच्या नळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी सांगितलं तसं केलं आणि तलाव हळूहळू नितळला. पांढरा गाळ तळाशी बसला, माळ्याने तो ओढून काढला, आणि मग पाणी असं निवळलं की तळाच्या फरशांच्या रेघा दिसायला लागल्या. उन्हाळाभर पोरांनी त्यात धुमाकूळ घातला. अपशकुन विसरले, ताक विसरले. अध्यक्षसाहेब तर येईल त्या पाहुण्याला तलाव दाखवून “आमचं पाणी बघा” म्हणायचे. मी मुद्दाम धुळ्याला जाऊन हे सगळं साडूभाऊंना सांगितलं आणि बघायला चला म्हणून मागे लागलो. “हो का? बरं झालं,” ते म्हणाले आणि यंदा आंबा कसा काय आहे ते विचारलं. शर्टाचा खिसा पांढराशुभ्र होता. मेहुणीबाईंनी डबी केव्हाच परत दिली होती, ती कोनाड्यात तशीच पडून होती. त्यानंतर ते आमच्याकडे यायचे ते रिकाम्या हाताने. फ्रिजमधला खालचा कप्पा बायकोने बरेच दिवस मोकळा ठेवला. कुणी पाणी दिलं की साडूभाऊ मुकाट्याने पिऊन पेला खाली ठेवायचे, तुमच्या-माझ्यासारखे. मी इतकी वर्षं जे मागत होतो ते मला मिळालं होतं. आता त्यांच्याबरोबर कुठेही ताठ मानेने जाता येत होतं, आणि जावंसं वाटत नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी पहूरला सासरकडच्या एका लग्नात आमची पंगत शेजारी शेजारी आली. साडूभाऊ थकले होते, अधिकच पुढे झुकले होते. वाढपी पाणी घेऊन आला. त्यांनी पेला उचलला आणि औषध घ्यावं तसे दोन घोट घेतले. मला काय झालं कोण जाणे. मी भरल्या पानावरून उठलो, मांडवात जाऊन नवरा-नवरीच्या तबकातली चिमूटभर हळद उचलली, परत आलो आणि त्यांच्या पेल्यातलं पाणी तळहातावर घेऊन त्यात ती घोळवली. मग तो पिवळा हात अख्ख्या पंगतीसमोर उंच धरला आणि मोठ्यांदा विचारलं, “साडूभाऊ, हे पाणी कुठलं?” बट्टी मोडणारे हात थांबले. वाढपी म्हणाला, “काय झालं भो, पाण्यात काही पडलं का?” समोरच्या पंगतीत बसलेल्या माझ्या बायकोने पदर तोंडावर ओढला. माझे कान काय तापले म्हणता! पण या खेपेची लाज माझी स्वतःची होती, कुणाच्या वाट्याची नव्हती.

साडूभाऊंनी मान खाली घातली. माझा हात धरून खाली ओढला आणि पुटपुटले, “बसा हो खाली. लोक बघताहेत.”

“बघू द्या की,” मी म्हटलं, “पाणी काय झाकून प्यायची वस्तू आहे?”

ते माझ्या तळहाताकडे बघत राहिले. हळद पिवळीच होती. मग त्यांनी पेला उचलला, एक घोट घेतला, आणि तो लगेच गिळला नाही. या गालातून त्या गालात नेला. डोळे मात्र उघडेच होते, कुणी बघतंय का ते चाचपत होते. घोट गिळून त्यांनी पेला पानाशेजारी ठेवला.

“गोडं आहे,” ते म्हणाले. इतकं हळू, की माझ्याशिवाय ते कुणालाच ऐकू गेलं नाही.